दारात वारा होता

आजारी माणसाला काय हवं ते त्याच्यापेक्षा घरातल्या धडधाकट माणसाला जास्त कळतं, अशी आपली सगळ्यांची एक समजूत असते. औषध कुठलं द्यायचं, कोणाला भेटू द्यायचं, कोणाला दारातूनच वाटेला लावायचं, सगळं आपण ठरवतो. पलंगावरचं माणूस मध्ये काही बोललंच तर म्हणतो, "तू पड गं, मी बघतो."

टॉर्मोद मॅकास्किल आपल्या आईला तेच म्हणत होता.

त्याच्या आईचा, ओयरिक म्हातारीचा, पलंग थंडी सुरू झाल्यापासून चुलीपाशी आणला होता. तिथून एका बाजूला दार दिसायचं आणि दुसऱ्या बाजूला खिडकीतून बेटावरच्या टोर्राबोस्त गावाचा रस्ता. त्या रस्त्यावर तीन चर्च. पहिल्यातून भांडून दुसरं निघालं, दुसऱ्यातून तिसरं. भांडण कशावरून झालं ते नीट सांगणारं आता गावात कोणी उरलं नव्हतं, पण भांडण कोणी विसरलंही नव्हतं. चुलीसाठी पीटची, म्हणजे दलदलीतल्या जळाऊ मातीची, ढेकळं कापायला सगळे एकमेकांच्या मदतीला जात. मेंढ्या कातरायला जात. वादळात नाव अडकली तर कोण कुठल्या चर्चचा हे न बघता दोर टाकत. रविवारी मात्र काळ्या कोटांच्या तीन रांगा एकाच रस्त्यानं निघत, आणि सोमवार उजाडेपर्यंत एक रांग दुसरीला ओळख देत नसे. स्तोत्रं तीच, चाली त्याच. दारं तेवढी तीन दिशांना.

टॉर्मोद या तिघांपैकी कुठलाच नव्हता. तरुणपणी तो बोटीवर इंजिनावर होता. युद्धात बोट बुडाली तेव्हा सहाजणांनी एका होडीत आठवडा काढला होता. त्यांत रोमन चर्चचा एक, मेथडिस्ट एक, काहीच न मानणारा एक. एके सकाळी बोटीवरच्या आचाऱ्यानं शेवटचं बिस्कीट मोडून सहा तुकडे केले आणि प्रभूचं नाव घेऊन वाटले. डोक्यावर हात ठेवून आचाऱ्याला कोणी पाळक केलं नव्हतं, पण टॉर्मोदला त्या तुकड्यात जे मिळालं ते पुढे कुठल्या वेदीपाशी मिळालं नाही. परत आल्यावर तो घरामागच्या खोपीत मागावर कापड विणू लागला, आणि रविवारी माग बाजूला सारून तिथंच प्रार्थनेला चारदोन माणसं जमवू लागला. ना पाळक, ना चर्चचा कारभार बघणारं वडीलमंडळ, ना दारावर पाटी. हळूहळू नऊजण झाले.

शेजारची पेगीमावशी तिसऱ्या चर्चची, जिभेची तिखट. ती म्हणायची, "तिनांनी भागेना, म्हणून तू चौथं काढलंस होय?"

"हे चर्च नाही, मावशी. याला नावच नाही."

"नाव नाही? मग आम्ही तुम्हाला बिननाववाले म्हणू. झालं नाव!"

टॉर्मोद हसायचा नाही. हा विषय त्याला हसण्याचा वाटत नसे.

मार्च महिन्यात प्रभुभोजनाचे, येशूच्या नावानं भाकर मोडून वाटायचे, दिवस आले. पहिल्या चर्चमध्ये वर्षातून दोनदाच हे भोजन होई. गुरुवारी उपास, शनिवारी बिल्ले, रविवारी मेज. व्यासपीठापुढे लांबलचक मेजावर पांढरं कापड अंथरत, आणि वडीलमंडळानं ज्याला शिशाचा छोटा बिल्ला दिला असेल त्यालाच तिथं बसता येई. बाकीचा गाव मागच्या बाकांवरून बघत राही. कित्येकांचा सगळा जन्म असा बघण्यात जाई, कारण आपण त्या मेजाच्या लायक नाही असं त्यांना मनापासून वाटे.

ओयरिकही जन्मभर मागच्याच बाकावर बसली होती. तिची गोष्ट मात्र वेगळी होती.

गुरुवारी दुपारी टॉर्मोदनं तिला दुधात कालवलेली ओटची पेज भरवली. दोन चमचे घेऊन तिनं तोंड फिरवलं.

"मला या रविवारी मेजावर बसायचंय," ती म्हणाली.

"काय?"

"ऐकू आलंय तुला. वडीलमंडळातल्या कालेनकडे जा आणि विचार, ओयरिकला घेता का म्हणून."

टॉर्मोदनं वाटी खाली ठेवली. "मी त्यांच्या दारात भीक मागायला जाणार नाही, आई. आणि तूही मागायची नाहीस. विसरलीस?"

ती काय विसरणार! विशीत असताना ती हेरिंग मासे कापायच्या कामावर बंदरोबंदरी हिंडली होती. तिघींची एक टोळी असे, दोघी मासे चिरायच्या आणि तिसरी पिंपात मिठाचे थर लावायची. सुरी बोटांवर सटके, मीठ जखमेत जाई, म्हणून मुली सकाळी एकमेकींच्या बोटांना चिंध्या बांधत. ओयरिकच्या बोटांना चिंध्या बांधायची मोराग. ती दक्षिणेकडच्या बेटावरची, रोमन चर्चची. पुढे मोराग क्षयानं गेली तेव्हा ओयरिक होडीनं तिच्या गावी गेली, आणि तिच्या शवपेटीशेजारी, मिस्सा ही त्यांची उपासना चालू असताना, गुडघे टेकून बसली.

ती घरी पोचायच्या आधी बातमी पोचली होती. त्या शनिवारी बिल्ला मागायला ती वडीलमंडळापुढे उभी राहिली. मंडळातला मुख्य, कालेनचा बाप, म्हणाला, "त्यांच्या वेदीपुढे गुडघे टेकलेस?"

"मैत्रिणीपुढे टेकले."

"चुकलं म्हण, आणि बिल्ला घे."

ओयरिक चुकलं म्हणाली नाही. बिल्ला मिळाला नाही. त्या दिवसापासून ती मागच्या बाकावर बसली. दर खेपेला मेज अंथरलं जाताना बघायची, आणि घरी येऊन, विणलेलं कापड घट्ट व्हावं म्हणून मळताना गुणगुणायची,

*खाऱ्या पाण्याला गं सई, नाही कुंपण, नाही वेस,*
*तुझ्या चिंधीत माझं बोट, नको विचारू माझा देस.*

"आई," टॉर्मोद खुर्ची ओढून बसला, "ते मेज त्यांचं नाहीच मुळी. ज्यानं मांडलं त्याचं आहे. त्यावर पहारा ठेवायचा अधिकार यांना दिला कोणी? बाप्तिस्म्याचं पाणी या विहिरीचं का त्या विहिरीचं, भाकर कोणाच्या हातची, कोण कोणाचा वरिष्ठ, हे सगळं माणसांनी मागून लावलेलं शेपूट. तुला भाकर हवी ना? रविवारी खोपीत आम्ही मोडतोच. मी तुला आणून देतो इथं, पलंगावर."

"तुझी भाकर वाईट आहे असं मी म्हटलंय का?"

"मग?"

"भाकर तर फडताळातही आहे. मेज म्हणजे शेजारी कोण बसलंय ते. ज्यांनी मला बसू दिलं नाही त्यांच्याच शेजारी बसायचंय मला, एकदा. दुसरीकडे बसून ते भरून येत नाही."

"ते तुला बोलावणार नाहीत. ते तसलेच आहेत."

म्हातारीला खोकला आला. तो ओसरल्यावर ती हलकेच म्हणाली, "ते, ते, ते. दिवसातून किती वेळा म्हणतोस रे हे? जिथं 'ते' आलं तिथं पंथ आला, बाळा. तुझी पाटी तेवढी लावायची राहिलीये."

"तू पड आता," टॉर्मोद म्हणाला. "मी बघतो."

तो खोपीत गेला. जरा वेळानं मागाची खटखट सुरू झाली. तेवढ्यात पेगीमावशी अंडी घेऊन आली, तेव्हा ओयरिकनं तिचा हात धरला आणि निरोप तिच्याकडे दिला. तिसऱ्या चर्चची बाई पहिल्या चर्चच्या वडीलमंडळातल्या माणसाकडे असला निरोप घेऊन जाते, हे गावात कोणी ऐकलं असतं तर हसलं असतं. पेगी गेली. दुसऱ्या दिवशी परत येऊन म्हातारीच्या कानाशी म्हणाली, "कालेन मंडळापुढे विषय काढतोय. काय ठरेल ते शनिवारी मी स्वतः येऊन सांगेन, म्हणाला. तू आपली केस विंचरून बस."

शनिवारी ओयरिकनं खरंच केस विंचरून घेतले. टॉर्मोदला वाटलं, आईला बरं वाटतंय.

दुपार कलली तेव्हा दार वाजलं. टॉर्मोदनं उघडलं तर कालेन उभा. पंचाहत्तरीचा, वाकलेला, काळा कोट वाऱ्यानं फडफडतोय. हात बंडीच्या खिशात. टॉर्मोद बाहेर आला आणि त्यानं दार मागे ओढून घेतलं.

"ओयरिक जागी आहे का रे?"

"तिला त्रास नको आहे."

कालेन मुळात सावकाश बोलणारा. त्याचं एक वाक्य पुरं होईपर्यंत चहा निवायचा. "मला जरा... तिच्याशी..."

"काय विचारायचंय? गुडघे टेकले होते का, हेच ना? तुमच्या वडिलांचं विचारून झालंय ते, कालेनकाका. ती तेव्हा चुकलं म्हणाली नाही, आता मरताना म्हणेल होय?"

"टॉर्मोद, ऐक, मी..."

"मेंढ्यांचे कान कापून खुणा करतात तशा माणसांना करता तुम्ही. हा आपला, हा परका. येशूच्या मेजाला बिल्ला लागत नाही. तुम्ही या आता."

म्हातारा तसाच उभा राहिला. खिशातला हात निम्मा बाहेर आला आणि पुन्हा आत गेला. अखेर तो म्हणाला, "तिला एवढं सांग, मी आलो होतो."

टॉर्मोद आत आला. दार लावलं, कडी घातली.

"कोण होतं रे?" ओयरिकनं उशीवरून मान उचलली होती.

ज्या माणसानं कापड विकताना कधी वीतभर कमी मोजलं नव्हतं, तो कडी पुन्हा चाचपून बघू लागला. त्याच्या मनात आलं, सांगितलं तर ही आशेला लागेल. ते तिला पुन्हा उभं करतील, पुन्हा नाही म्हणतील. तेवढं तरी हिचं वाचवू.

"कोणी नाही, आई. वारा होता."

ओयरिक दाराकडे बघत राहिली. मग तिनं तोंड भिंतीकडे केलं. संध्याकाळी चहा घेतला नाही. विंचरलेले केस उशीवर विस्कटले.

रविवारी खोपीत नऊजण जमले. टॉर्मोदनं भाकर मोडली, आभार मानले, वाटली. मग एक तुकडा स्वच्छ फडक्यात घेऊन तो घरात आला.

"आई, घे. प्रभू काही त्यांच्या चर्चमध्ये कोंडलेला नाही."

ओयरिकनं डोळे उघडले. आवाज इतका बारीक, की त्याला वाकावं लागलं.

"मला ठाऊक आहे रे. तो मला सोडून कधी कुठे गेला नाही. माणसंच आली नाहीत." थोडा श्वास घेऊन ती म्हणाली, "निरोप पाठवला होता मी. कालेन येतो म्हणाला होता. या खेपेलाही नाही आले."

सांगायचे शब्द टॉर्मोदच्या ओठांवर आले होते. 'आई, तो आला होता.' चार शब्द. पण त्यांच्यामागे स्वतःच्या खोट्याची कबुली यावी लागली असती, आणि ती त्याच्यानं उच्चारवेना. त्यानं स्वतःला समजावलं, तो नकारच घेऊन आला असणार. नकार ऐकण्यापेक्षा हे बरं.

"ठेव तिथं," ती म्हणाली. "एकटीला घास उतरत नाही."

त्यानं भाकर स्टुलावर ठेवली.

वारा पश्चिमेचा होता. रस्त्यापलीकडून स्तोत्राचा आवाज येऊ लागला. एकजण ओळ सांगतो आणि मागून सगळे ती उचलतात. प्रत्येकाचा सूर थोडा वेगळा, कोणी पुढे, कोणी मागे, तरी लाटेसारखं सगळं एकाच किनाऱ्याला येतं. मेजावर लोक बसत होते. ओयरिकचे ओठ हलत होते. टॉर्मोदनं तिचा हात धरला. म्हातारीच्या बोटांवर अजून जुन्या सुरीच्या बारीक पांढऱ्या रेघा होत्या. स्तोत्र थांबलं. तिचे ओठ आणि श्वास स्तोत्राच्या जरासे आधी थांबले होते.

स्टुलावरची भाकर संध्याकाळपर्यंत वाळून कडक झाली.

बुधवारी तिला नेलं. बायका घराच्या भिंतीशी थांबल्या, तिथली रीत तशी. पुरुष दोन रांगांत उभे राहिले. पुढची जोडी खांदा देते, काही पावलं चालते, मग बाजूला होऊन मागे जाते आणि नवी जोडी पुढे येते. असं करत गावातला प्रत्येक खांदा तिरडीखाली येऊन जातो. पहिल्या चर्चचा, दुसऱ्याचा, तिसऱ्याचा, बिननाववाल्यांचा. ओळ कोणी लावत नव्हतं, नाव कोणी विचारत नव्हतं. जिवंतपणी जिला एका मेजावर जागा मिळाली नाही, तिच्याखाली सगळा गाव खांद्याला खांदा लावून चालत होता.

दफनभूमीच्या अलीकडे दगडांच्या राशीपाशी तिरडी टेकवली, दम घ्यायला. टॉर्मोदनं मान वर केली तर त्याच्या जोडीला कालेन होता.

"त्या दिवशी," कालेन म्हणाला, आणि थांबला. या वेळी टॉर्मोदनं त्याचं वाक्य तोडलं नाही. "बाप तिला बिल्ला नाकारत होता तेव्हा मी त्याच्या मागे उभा होतो. विशीतला. मला वाटलं होतं हे चूक आहे. बोललो नाही. सगळा जन्म मेजावर बसलो, आणि दर वेळी मागच्या बाकाकडे बघायची हिंमत झाली नाही. गेल्या आठवड्यात मंडळापुढे बोललो. पाळकही माझ्या बाजूनं बोलले. कोणी काही विचारायचं नाही, असं ठरलं. चारजण खुर्ची घेऊन येणार होते रविवारी सकाळी, तिला उचलून न्यायला. मेजाच्या टोकाची जागा ठेवली होती."

त्यानं खिशातून हात काढला. तळहातावर शिशाचा बिल्ला होता, नखाएवढा, झिजलेला.

टॉर्मोदनं बिल्ल्याकडे बघितलं. "तुम्ही... तिला विचारायला आला नव्हता?"

"द्यायला आलो होतो रे!"

समुद्रावरून वारा आला. तिरडीवरच्या काळ्या कापडाची कड उडाली, कोणीतरी ती खोचली.

"मग तुम्ही मला ढकलून आत का नाही आलात?" टॉर्मोद म्हणाला. हे तो रागानं बोलला की रडत, ते जवळच्यांनाही कळलं नाही.

"माझा भित्रेपणा," कालेन म्हणाला. "बापाच्या मागे उभा राहिलो तसाच तुझ्या दारापुढे उभा राहिलो."

त्यानं बिल्ला टॉर्मोदच्या हातात ठेवला. मग दोघं वाकले आणि दोघांनी पुन्हा खांदा दिला.

थडग्यात पेटी उतरवताना डोक्याकडचा दोर थोरल्या मुलाच्या हाती असतो. त्या मंडळीत थडग्यापाशी प्रार्थनासुद्धा मोठ्यानं करत नाहीत. दोर ढिले पडले, पेटी टेकली, माणसं टोप्या हातात घेऊन उभी राहिली. आणि त्या शांततेत टॉर्मोद सगळ्या गावाला ऐकू जाईल अशा आवाजात खाली बघून म्हणाला,

"आई, शनिवारी कालेनकाका आले होते. वारा नव्हता. मी खोटं बोललो."

त्यानं दोर सोडला.

पुढच्या रविवारी खोपीत तो भाकर हातात घेऊन बराच वेळ मोडेना. मग नऊजणांना म्हणाला, "आपल्या इथं कुंपण नाही, असं मी तुम्हाला सांगत आलो. कुंपण होतं. ते मी होतो." बिल्ला त्यानं भाकरीच्या ताटाशेजारी ठेवला. तो अजून तिथंच असतो. नवा कोणी विचारतो, हे बिननाववाले आणि यांच्याकडे बिल्ला कसा, तेव्हा टॉर्मोद त्याला सगळी गोष्ट सांगतो, स्वतःला न वगळता.

त्याची मतं बदलली नाहीत. भाकर कोणाच्या हातची हे महत्त्वाचं नाही, प्रभू आणि माणूस यांच्यामध्ये तिसरा कोणी नको, हे तो आजही म्हणतो. पण शरद ऋतूत प्रभुभोजनाचे दिवस आले तेव्हा तो पहिल्या चर्चमध्ये जाऊन मागच्या बाकावर, आईच्या जागी बसला. त्याला मेजावर बोलावलं नाही. त्यानं तक्रारही केली नाही. कालेन एका रविवारी खोपीत आला, भाकर खाऊन गेला. वडीलमंडळानं त्याबद्दल त्याच्याकडे जाब मागितला आहे. पेगीमावशी म्हणते, तो अजून उत्तराच्या पहिल्याच वाक्यात आहे.

तिन्ही चर्च आपापल्या जागी उभी आहेत. दारं अजून तीन दिशांनाच आहेत. एका म्हातारीच्या मरणानं एवढं जुनं भांडण मिटत नाही, आणि मिटलं असं सांगितलं तर ते तुम्हाला खरं वाटणार नाही.

पण वाचकहो, एवढं मात्र आपण सगळ्यांनी मनाशी धरावं. सत्ता म्हटलं की आपल्याला दुसऱ्याचा काळा झगा दिसतो, दुसऱ्याचं मंडळ, दुसऱ्याचा शिक्का. आपल्या घराच्या कडीवर आपला हात असतो, ती सत्ता आपल्याला दिसत नाही. भिंती पाडायला निघालेला माणूसही हातातल्या दगडांनी नवी भिंत रचू शकतो, आणि तिच्याआड आपलंच माणूस उपाशी राहू शकतं. मेज ज्याचं, बोलावणं त्याचं. पाळक असो, वडीलमंडळ असो, की पोटचा मुलगा, आपलं काम तेवढं निरोप पोचवण्याचं.

टॉर्मोद आता म्हातारा झाला आहे. कान जड झालेत, पण दाराचा आवाज त्याला मागाच्या खटखटीतही ऐकू येतो. तो माग थांबवतो, उठतो, आणि उघडून बघतो. कित्येकदा बाहेर खरंच वारा असतो. तरी तो उघडतो.